उसने किलोमीटर

आमच्या पिकअपचा मीटर २०१४ साली गेला. साल लक्षात राहिलं, कारण त्याच नोव्हेंबरात सरकारनं कागदोपत्री बेळगावचं बेळगावी केलं. आप्पा म्हणाले, "गावाची पाटी बदलली, गाडीचा काटा पडला. दोन्ही चालूच हाईत की." आकडा थांबला तो १,८७,३४० वर. त्यानंतर नऊ वर्षं ही गाडी गोव्याला भाजी घेऊन गेली, मार्केट यार्डाला बटाटे-रताळी घेऊन गेली, वऱ्हाडं आणली, गणपती नेले, एकदा तर शेजारच्या वहिनींना बाळंतपणासाठी मध्यरात्री दवाखान्यात पोचवून आली. मीटरच्या हिशेबानं मात्र ती दारातून हललेलीच नव्हती.

मीटर म्हणजे नुसता स्पीडचा काटा नव्हे. स्टिअरिंगच्या पुढच्या त्या अख्ख्या फळीलाच आमच्याकडं मीटर म्हणतात. मधोमध स्पीड, त्याच्या पोटात किलोमीटरचे आकडे, एका अंगाला डिझेल, दुसऱ्या अंगाला पाण्याचं तापमान आणि खाली बारक्या दिव्यांची रांग. आधी किलोमीटर थांबले, मग स्पीडचा काटा शून्यावर झोपला आणि एका पावसाळ्यात डिझेल-तापमान दोन्ही काटे एकाच दिवशी आडवे झाले. पाठोपाठ दिवेही विझत गेले. बॅटरीचा लाल दिवा तेवढा उरला. किल्ली फिरवली की लागायचा, इंजिन चालू झालं की विझायचा. मोठ्या रिकाम्या वाड्यात राखणीला एक म्हातारा ठेवावा, तसा.

आप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचे मीटर वेगळे होते. चौथ्या गिअरात डाव्या दाराची काच एका ठरावीक सुरात वाजायची. ती गप्प झाली की पन्नास. पुन्हा बारीक किणकिणायला लागली की साठ. साठच्या पुढं ते जातच नसत, त्यामुळं त्यापुढच्या सुरांची गरज पडली नाही. घाट चढून कणकुंबीला आलं की बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपाला बोट लावायचं. तीन म्हणेपर्यंत बोट टिकलं तर गाडी निवांत, नाहीतर चहा. आणि डिझेलचा सगळा हिशेब डायरीत. खतवाल्याच्या दुकानातून दर जानेवारीला मिळते तशी खिशातली डायरी, तिच्यात बॉलपेननं: "गुरु. म्हापसा १. शनि. यार्ड २. डि. ३०." बस, एवढंच. म्हापसा म्हणजे जाऊन-येऊन किती, यार्ड म्हणजे किती, हे डोक्यात.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजतो. माझ्या टेबलावरच्या प्रत्येक मायक्रोमीटरला, प्रत्येक व्हर्निअरला एक चिकटपट्टी असते. शेवटचं कधी तपासलं, पुढं कधी तपासायचं. ती तारीख उलटली की ते हत्यार कितीही चकचकीत दिसो, त्यानं काढलेलं माप मी वहीत लिहीत नाही. असल्या माणसाचा बाप काचेच्या किणकिणीवर साठ मोजतो, याची मला लाज वाटायची म्हणा किंवा गंमत वाटायची म्हणा. दोन्ही थोडं थोडं.

जानेवारी २०२३ मध्ये आप्पांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि रात्रीची गाडी माझ्याकडं आली. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, म्हणजे इथून गुरुवारी रात्री निघायचं. कोबी, गाजर, बीन्स, मिरची. गोव्याच्या कितीतरी चुली बेळगावच्या भाजीवर पेटतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली साखळी. रस्ता लहानपणापासून पाठ होता, पण शेजारच्या सीटवर बसून पाठ होता.

महाशिवरात्रीच्या आधीची गोष्ट. तेव्हा रताळ्यांना दिवसाला दोन-दोन फेऱ्या असतात. कणकुंबीच्या अलीकडं, रात्री दोनच्या सुमाराला, गाडीनं दोनदा आचके दिले आणि झोपली. आजूबाजूला मिट्ट जंगल. मी आप्पांना फोन लावला.

"डिझेल कधी भरलास?"

"मंगळवारी."

"मंगळवारी भरलास. बुधवारी यार्डाला दोन खेपा. आज सकाळी परत एक खेप, मग मधेच आईला शिनोळीला सोडून आलास. मग संपलंच की रे! त्यात विचारायचं काय?"

पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी, अंथरुणात पडल्या पडल्या. मला तर शिनोळीची खेप आठवतही नव्हती.

डिझेलची गाडी कोरडी झाली की नुसती थांबत नाही, एअर धरते. पाइपात हवा शिरलेली असते, त्यामुळं नंतर टाकीत पाच लिटर ओतलं तरी ती चालू होत नाही. हुबळीकडचा एक लॉरीवाला थांबला. त्यानं स्वतःच्या टाकीतून कॅनभर काढून दिलं. मग टॉर्चच्या उजेडात फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि हातपंप दाबत बसलो. आधी नुसती हवा सुसकारते, मग साबणासारखा फेस, मग मोठे मोठे बुडबुडे, आणि बुडबुडे संपून सरळ धार लागली की बोल्ट आवळायचा. लॉरीवाल्यानं तोवर माझ्या केबिनमध्ये डोकावून बघितलं. "मीटर केट्टैतेन्री?" बिघडलाय काय, असं. मी मान हलवली. जाताना तो म्हणाला, "सावकाश होग्री." सावकाश हा शब्द आमच्या भागातल्या कानडीत आणि मराठीत एकच. रात्री अडीच वाजता एवढं व्याकरण पुरतं.

त्या रात्री ठरवलं, मीटर बदलायचा.

गाडी २००६ सालची, त्यामुळं नवा बोर्ड दुकानात मिळेना. मागवून देतो म्हणाले, पण कधी ते सांगेनात. मिस्त्री म्हणाले, आधी काढून बघू या, दुरुस्त होतोय काय. हे चाचा म्हणजे माझ्या जन्माआधीपासून गाड्यांची वायरिंग करणारा माणूस. चष्मा दोऱ्यानं गळ्यात, टेस्ट लॅम्प शर्टाच्या खिशात. दख्खनी, मराठी आणि कानडी ते एकाच वाक्यात वापरतात आणि गिऱ्हाईक कुठलंही असो, त्यातलं हवं तेवढं उचलतं. पहिलं वाक्य होतं, "पयले बॅटरी का अर्थ, वो बॉडी की वायर, निकाल, बाबू. बाकीचं मग."

चार स्क्रू समोरच होते. पाचवा सापडेना. तो मळेकरणी देवीच्या फोटोमागं निघाला. फोटो आप्पांनी गाडी आणली त्या दिवशी चिकटवला होता. चाचांनी हात धुतले, फोटो सोडवून पुसून सीटवर ठेवला, मग स्क्रू काढला. बोर्ड दोन बोटं पुढं आला आणि अडला. पाठीमागून केबल धरून ठेवते. हात वाकडा करून, गाल स्टिअरिंगला टेकवून, न बघता तिची टोपी सोडवावी लागते. त्यांनी ती सोडवली, दोन कपलर खेचले आणि बोर्ड माझ्या मांडीवर आला. एखादं लहान मूल यावं एवढाच, वजन मात्र काहीच नाही.

उघडल्यावर आत सतरा वर्षांचा गाळ होता. आमच्या भागातली तांबडी माती, पिठासारखी. उदबत्तीची राख. झेंडूची एक पाकळी, इतकी वाळलेली की फुंकर मारताच मोडली. दसऱ्याच्या पूजेची असणार, कुठल्या दसऱ्याची ते तीच जाणे. तळाला साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे कण दिसत होते. चाचांनी एक नखावर घेऊन मला दाखवला. प्लास्टिकच्या चाकाचा दात. किलोमीटरच्या आकड्यांची चाकं फिरवणाऱ्या दातऱ्याचे चार दात मोडून खाली पडले होते. तिथंच १,८७,३४० थांबलं होतं.

पाठीमागच्या बाजूला पातळ प्लास्टिकवर तांब्याच्या रेघा असतात. वायरींच्या जंजाळाऐवजी हीच वायरिंग. पाणी झिरपून एक रेघ हिरवी पडून तुटली होती. आणि जे दोन काटे एकाच दिवशी मेले, त्याचं कारण दोघांच्या मधे निघालं. जुन्या पद्धतीच्या बोर्डात बॅटरीचा करंट थेट काट्यांना देत नाहीत. इंजिन रेस केलं, लाइट लावले की व्होल्टेज खालीवर होतं, मग डिझेलही खालीवर होताना दिसेल. म्हणून मधे एक स्टॅबिलायझर बसवतात, तो दोघांना एकसारखं व्होल्टेज पुरवतो. तो गेला की दोघंही उपाशी. चाचांनी इंजिनवरच्या तापमानाच्या सेन्सरची वायर, टाकीची वायर, दोन्ही टेस्टरनं तपासल्या. ठणठणीत. म्हणजे टाकीतला फ्लोट इतकी वर्षं इमानेइतबारे वरखाली होत होता आणि किती डिझेल उरलंय ते वर सांगत होता. ऐकायला कुणी नव्हतं.

स्पीडचा भाग मला स्वतःला बघायचा होता. शाळेत वाचलेलं प्रत्यक्षात कधी बघितलं नव्हतं. गिअरबॉक्समधून केबल येते, तिच्या आत पिळाची तार फिरते आणि टोकाला असलेला लोहचुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनिअमची वाटी पालथी घातलेली. ॲल्युमिनिअमला चुंबक एरवी चिकटत नाही आणि इथंही दोघांचा कुठं स्पर्श नाही. पण चुंबक फिरायला लागला की वाटीत भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागं ओढली जाते. तिला मागं धरून ठेवायला घड्याळातल्यासारखी केसाएवढी स्प्रिंग. ओढणारा आणि धरणारा जिथं बरोबरीला येतात तिथं काटा उभा राहतो. ओटो शुल्झे नावाच्या जर्मनानं १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढं शंभर वर्षं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर धावल्या. आमच्या बोर्डातली स्प्रिंग गंजून वाटीला चिकटली होती. चाचांनी चिमट्यानं तिला नुसतं हात लावला आणि ती तुटली.

"ये नक्को," चाचा म्हणाले. "दुसरा बोर्ड बघा."

बोर्ड त्यांच्याकडंच ठेवून मी गाडी घरी नेली. नाहीतरी नऊ वर्षं तो काय कामाचा होता, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी यार्डाला दोन खेपा झाल्या. संध्याकाळी हेडलाइट पिवळे पडले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला.

चाचा हसले. मला आधी सांगायला पाहिजे होतं म्हणाले, पण हसले. अल्टरनेटरला करंट तयार करायला सुरुवातीला थोडा करंट उसना लागतो, आणि तो जातो बॅटरीच्या त्या लाल दिव्यातून. दिवा म्हणजे नुसती सूचना नव्हे, तो त्या वाटेतला पूलच आहे. किल्ली फिरवल्यावर तो लागतो तेव्हा त्याच्यातून जाणारा करंट अल्टरनेटरला जागं करतो. अल्टरनेटर स्वतःच्या पायावर उभा राहिला की दिवा विझतो. काही अल्टरनेटर जोरात रेस केल्यावर आपसूक जागे होतात, आमचा त्यातला नाही. सगळ्या मेलेल्या बोर्डातला तो एक म्हातारा राखणदार राखण करत नव्हता, घर चालवत होता. आणि मी त्याला उचलून चाचांच्या टेबलावर ठेवून आलो होतो. तात्पुरता एक बल्ब वायरीला जोडून त्यांनी स्टिअरिंगखाली लोंबता सोडला, तेव्हा कुठं गाडी चालली.

गाड्या फोडतात त्या बाजूला दुसरा बोर्ड मिळाला. तिथं जाणं मला आवडत नाही. पासिंगचे आकडे अजून शाबूत असलेली, पण चाकं नसलेली गाडी बघवत नाही. आमच्याच मॉडेलची एक पिकअप उभी होती, एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. दर्शनी भाग चेपलेला, बोर्ड मात्र धडका. मालक कानडी, त्याचा पोरगा मराठी शाळेत शिकलेला. बोर्ड काढून त्यानं काच शर्टाला पुसली. आत आकडा होता ९२,४१५.

बसवायच्या आधी चाचांनी सहज विचारलं, "कितना रखूं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चाकं हातानं फिरवता येतात. १,८७,३४० करू, की डायरीतला हिशेब धरून करू, की असंच ९२ हजारांवर सोडू? ९२ हजार म्हणजे गाडी तरणीताठी. उद्या विकायला काढली तर वीस-पंचवीस हजार तरी जास्त येतील. जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागं घेणं हा एक स्वतंत्र धंदाच आहे आणि तो करणारे त्याला फसवणूक म्हणत नाहीत, 'सर्व्हिसिंग' म्हणतात.

संध्याकाळी आप्पांना विचारलं. काळा गॉगल लावून ते ओसरीवर बसले होते. डायऱ्यांचा गठ्ठा आणायला सांगितला. नऊ डायऱ्या. मी वाचत गेलो, ते अंतर सांगत गेले, आईनं मोबाइलवर बेरीज केली. म्हापसा इतके, यार्ड इतके, जोतिबाला दोनदा, सौंदत्तीला तीनदा. एका पानावर फक्त "ताईकडं" असं होतं. तिथं कुणी काही बोललं नाही, अंतर तेवढं सांगितलं. बेरीज आली १,८९,००० च्या आसपास. थांबलेला आकडा मिळवला तर पावणेचार लाखांच्या पुढं.

"एवढे घालू?"

"नगं." आप्पा म्हणाले. "ते बॅण्णव हजार कुणीतरी दुसरा चालवलाय. त्याचे त्याला ऱ्हाऊ देत. आपलं डायरीत हाय."

मी ऑफिसच्या सवयीनं एक चिकटपट्टी केली. बोर्ड बदलल्याची तारीख, जुना आकडा, डायरीचा आकडा, नव्या बोर्डाचा सुरुवातीचा आकडा. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या आतून चिकटवली. देवीचा फोटो पाचव्या स्क्रूवर परत गेला.

बोर्ड लागला. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे एकदम लागले, आणि मला उगाच दिवाळीसारखं वाटलं. डिझेलचा काटा हळूहळू, जसा म्हातारा माणूस पायऱ्या चढतो तसा, अर्ध्यापर्यंत चढला. तो असा हळूच चढतो, कारण आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते तेव्हा काटा हलतो. तापमान बघायला चाचांनी सेन्सरची वायर क्षणभर बॉडीला टेकवली. काटा सरळ लाल रेषेकडं निघाला, वायर काढताच परत खाली. पहिल्या महिन्यात मी सगळं वहीत लिहिलं. टाकी भरून भरून ॲव्हरेज काढलं. १४.२! सतरा वर्षांच्या गाडीला, भरल्या मालावर १४.२. मी घरी जाहीर केलं.

"खोटं," आप्पा म्हणाले.

"मीटरवर आलंय."

"मीटर खोटा बोलतोय. ती साडेबारा देतीया. २००६ सालीपण साडेबाराच देत होती. म्हातारपणी वाढंल कशी?"

रविवारी पहाटे आम्ही दोघं हायवेला गेलो. हलग्याला सुवर्णसौधापाशी, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधानभवनापाशी, पोलीस सोडून चिटपाखरू नव्हतं. हिरेबागेवाडीकडं रस्ता सरळ आहे आणि पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड नेमानं येतात. काटा साठवर धरला. साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बरोबर साठ सेकंद लागायला हवेत. मोबाइलचं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलेलं, गाडी आप्पा चालवत होते. डोळे बरे झाले होते आणि तेवढं सिद्ध करायची संधी ते सोडणार नव्हते.

अडुसष्ट सेकंद. पुढच्या दगडाला परत अडुसष्ट. तिसऱ्याला एकोणसत्तर. दहा दगड झाले तेव्हा मीटरनं अकरा किलोमीटर ओलांडून वर आणखी तीनशे-चारशे मीटर खाल्ले होते.

खरा वेग त्रेपन्नच्या आतबाहेर, काटा साठवर. गंमत म्हणजे काट्यापुरतं हे नियमात बसतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरचा आहे. तो सांगतो, काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इथवर चालतं. त्रेपन्नला त्यात नऊपर्यंत मुभा मिळते आणि आमचा सातच चुकत होता. माझ्या टेबलावर आला असता तर मी 'ओके' शिक्का मारला असता. पण किलोमीटरचे आकडे शंभराला एकशे तेरा होत होते, त्याला कुठली मुभा?

"जास्तच दाखवतोय नव्हं? दाखवू दे," आप्पा म्हणाले. "तू हळू चालवशील." मग थोडं थांबून, "पण आकडे सुधारायला पायजेत."

दोष कुणाचाच नव्हता. डायलच्या तळाशी, काच पुसून बघितली तर दिसेल असा, एक बारीक आकडा छापलेला असतो. केबलच्या किती फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. आमच्या जुन्या डायलवर होतं १०००. कोल्हापूरच्या डायलवर ८८०. आमची केबल हजार फेऱ्या मारून एक किलोमीटर सांगायची, तो डायल ८८० लाच किलोमीटर धरून मोकळा व्हायचा. बोलणारा खरं बोलत होता, ऐकणाराही आपल्या परीनं बरोबर ऐकत होता.

मला एकदम मामाचं शेत आठवलं. आईचं माहेर चंदगड तालुक्यात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा. १९५६ च्या आधी तो तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, तो तिकडं गेला, आम्ही इकडं राहिलो. मामाच्या सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये, आमच्या कानडी उताऱ्यावर एकर-गुंठ्यात. तसं बघितलं तर गुंठा आणि आर यांत एका चौरस मीटरचाच काय तो फरक. पण वाटणीच्या बैठकीत मामानं 'वीस' म्हटलं आणि आप्पांनी 'वीस' म्हटलं की दोघांच्या डोक्यात वेगळा कागद असतो. मापांचा मेट्रिक कायदाही त्याच १९५६ सालचा. सीमा आणि मापांचा कायदा, दोन्ही एकाच वर्षी बदलले. आज्जा शेवटपर्यंत दोन्ही मानत नव्हते. "बेळगाव आठ मैल," म्हणायचे, आणि बेळगाव कुठल्या राज्यात हे विचारायची सोय नव्हती. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. मैलांचा दावा त्यांनी कुणाकडंच नेला नाही.

हे सगळं मी गाडीत बोललो असेन, कारण आप्पा म्हणाले, "पिनियन बघ आधी."

फोडणाऱ्या दुकानातल्या पोरानंही तेच म्हटलं, जरा रागावून. "मीटर नेलासा तर त्याची पिनियन पण न्यायला पायजे होती की वो! जोडी असते ती." गिअरबॉक्सच्या बाजूला, केबल जिथं लागते तिथं, करंगळीएवढं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. आमच्या पिनियनला बावीस दात, त्या गाडीच्या पिनियनला पंचवीस. जास्त दात म्हणजे कमी फेऱ्या. बावीस भागिले पंचवीस करून बघा, बरोबर ०.८८ येतात. मी ते कागदावर लिहून दोनदा तपासलं आणि कामावर आठवडाभर सगळ्यांना दाखवत होतो. कुणालाही त्यात एवढं काय ते कळलं नाही.

पिनियन अर्ध्या तासात बसली, थोडं ऑइल सांडलं तेवढंच. पुढच्या रविवारी दगडाला साठ सेकंद, दुसऱ्या दगडाला एकसष्ट. ॲव्हरेज साडेबारा. एक शंका मात्र मी मनातल्या मनात ठेवली आहे. आप्पांना ती अंतरं पाठ कशी झाली? पहिली आठ वर्षं मीटर चालू असताना. म्हणजे ज्या मापानं मी नवा मीटर खोटा ठरवला, ते माप जुन्या मीटरनंच त्यांच्या डोक्यात भरलेलं होतं. आणि तो जुना मीटर तरी कुणी कधी दगडाला लावून बघितला होता? माझ्या टेबलावरच्या हत्यारांनाही वरचं कुठलं तरी हत्यार तपासतं, त्याला आणखी वरचं. हायवेच्या दगडावर ही साखळी संपली, असं मी समजतो. तो दगड रोवणाऱ्या माणसाकडं कुठली टेप होती, ते विचारायला गेलो नाही.

जुलैत आप्पा पुन्हा रात्रीच्या गाडीवर आले. मी शेजारी बसतो, ते ऐकत नाहीत म्हणून. कणकुंबीच्या पुढं त्या रात्री धुकं इतकं होतं की बॉनेटचं टोक दिसेना, वरून पाऊस. नवा बोर्ड लखलखत होता, आणि त्याचा उजेड समोरच्या काचेवर पडत होता. बाहेर रस्ता, आणि रस्त्यावर तरंगणारे हिरवट आकडे. वीस, चाळीस, साठ. आप्पांनी दोनदा डोळे चोळले. मग खांद्यावरचा पंचा काढला, एका हातानं झटकला आणि बोर्डावर टाकला. केबिनमध्ये नऊ वर्षांचा ओळखीचा अंधार झाला. काच अजून वाजायलाही लागली नव्हती, म्हणजे पन्नासच्या खूप खाली होतो.

शेवटच्या चढाला त्यांनी पंच्याचं टोक बोटभर उचललं. फक्त उजवीकडचं, तापमानाच्या काट्याच्या बाजूचं.

"कुठं हाय?"

"निम्म्यावर," मी म्हणालो.

त्यांनी टोक परत खाली सोडलं.